ॲडमिशनच्या आधी वॉर्ड बघून ये

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगबद्दलची पत्रं एकदम वाढतात. यावेळी इतकी आलीत की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, हा अंक पूर्ण नर्सिंगला. मी स्वतः ३० वर्षं वॉर्डात आणि नंतर नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर म्हणून काढलीत, तेव्हा जे सांगतेय ते तिथलंच आहे. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं-गावं काढलीत.

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. बारावी सायन्स झाली, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मिळून ५८ टक्के. बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली, १०० पैकी ४३ मार्क पडले. आम्ही ओबीसी, वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. ओळखीतला एक माणूस म्हणतो की एवढ्या मार्कांवर कुठे नंबर लागणार नाही, मॅनेजमेंटमधून खाजगी कॉलेजात सीट करून देतो, वर्षाला सव्वा लाख आणि आत्ता ४० हजार रोख, हजेरीचं टेन्शन नाही म्हणे. मावशी म्हणते एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) कर, जिल्हा परिषदेत लागशील. आमच्या सरांचं मत आहे की सिव्हिलला जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) कर, स्वस्तात होईल. वडील अर्धा एकर विकायला तयार आहेत, मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : बाळा, पहिली गोष्ट, वडिलांना जाऊन सांग की जमीन विकायची नाही, आणि त्या माणसाला ४० हजारच काय ४० रुपये पण द्यायचे नाहीत. हे आधी करून ये आणि मग पुढचं वाच.

आता का ते सांगते. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने असं केलंय की ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मधल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. खाजगी कॉलेज असलं तरी. पण एक अट आहे आणि तुझ्यासाठी सगळं त्या अटीतच आहे, ॲडमिशन सरकारच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीस की माफी गेली. म्हणजे बघ, तो माणूस तुला जी सीट सव्वा लाखाला देतोय, त्याच कॉलेजातली कॅपची सीट लागली तर ट्यूशन फी शून्य होते. तो हे तुला सांगणार नाही कारण त्याचं पोट कमिशनवर आहे. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, युनिफॉर्म हा खर्च मात्र राहतोच, तो धरून चाल.

आणि ४३ मार्क म्हणजे संपलं असं कुणी सांगितलं तुला? सीईटी १०० प्रश्नांची, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड प्रत्येकी २०, निगेटिव्ह मार्किंग नाही. मुंबईचं जे.जे., पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल या सरकारी सीटा वरच्या मार्कांना जातात हे खरं, पण खाजगी कॉलेजांच्या कॅपच्या सीटा पुढच्या राउंडपर्यंत चालतात. मुली काय करतात, पहिल्या राउंडला नाव नाही आलं की रडत बसतात आणि तेवढ्यात एजंट गाठतो. तू सगळे राउंड भर, प्रेफरन्स देताना पाच-सहा कॉलेजं टाकून थांबू नकोस, जिथे जायची तयारी आहे अशी सगळी टाक, आणि नॉन क्रीमी लेअर, जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला हे आत्ताच हातात घे. जातपडताळणीवाचून चांगल्या चांगल्या मुलींच्या सीटा गेलेल्या मी बघितल्यात, मार्क असून.

'हजेरीचं टेन्शन नाही' या वाक्यावर मला खरंच राग आला. घरी बसून नर्स होता येत नाही गं. इंजेक्शन कुठल्या कोनात जातं, पेशंटला कुशीवर वळवताना आपला हात कुठे पाहिजे, सलाईन लावल्यावर शीर फुगली तर काय, हे वॉर्डात उभं राहूनच येतं. मध्य प्रदेशात काय झालं ते पेपरात आलं होतं, हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआयला नर्सिंग कॉलेजांची तपासणी करावी लागली आणि कित्येक कॉलेजं निकषात बसत नाहीत असं निघालं. शिक्षक कागदावर, पेशंट कागदावर, आणि खऱ्या फक्त त्यात अडकलेल्या मुली, त्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या.

आता तीन रस्त्यांचं बोलू. एएनएम दोन वर्षांची, बारावी कुठल्याही शाखेची चालते, फक्त मुलींसाठी. त्यातून आरोग्य सेविका होता येतं, उपकेंद्रात, गावोगाव लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपणं. मावशी चुकीचं सांगत नाहीये, हे काम फार मोठं आहे आणि गावात मान पण आहे, पण जिल्हा परिषदेच्या जागा निघतात तेव्हा निघतात, मध्ये कितीही वर्षं जाऊ शकतात, आणि तोपर्यंत हॉस्पिटलमध्ये एएनएमला जीएनएमपेक्षा खालचं काम आणि खालचा पगार मिळतो. तुझ्याकडे सायन्स आहे, ५८ टक्के आहेत, तू तिथून सुरुवात करावीस असं मला वाटत नाही.

जीएनएम तीन वर्षांची, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप धरून. बारावी कुठल्याही शाखेची, इंग्लिश विषय पाहिजे आणि ४० टक्के. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची, पीसीबी आणि इंग्लिश लागतं, खुल्या वर्गाला पीसीबी मिळून ४५ टक्के, डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. आता फरक कुठे पडतो ते ऐक, कारण यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी दोघींची होते, दोघी रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. राज्य सरकारच्या हॉस्पिटलात दोघी त्याच अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाला अर्ज करतात आणि लागल्या तर पगार एकच, मूळ ३५,४०० पासून. पेशंटच्या खाटेशी उभं राहिल्यावर कुणी डिग्री विचारत नाही. फरक पडतो तो पुढे. एम्सच्या भरतीला बीएस्सीवाली पास होऊन रजिस्ट्रेशन झालं की बसू शकते, जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. एमएस्सी करायची, शिकवायचं, तर जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागतं, म्हणजे तीन अधिक दोन पाच वर्षं, बीएस्सी चारच.

म्हणून माझं म्हणणं असं, कॅपमधून बीएस्सी लागली तर बीएस्सी. नाही लागली तर सिव्हिलची जीएनएम, आणि ती मान खाली घालून नाही, ताठ मानेने. मॅनेजमेंटच्या बीएस्सीपेक्षा सिव्हिलची जीएनएम मी डोळे झाकून वर ठेवते. का ते सांगते. सिव्हिलला सकाळी आठला जाऊन बघ, ओपीडीची रांग गेटपर्यंत असते, बाळंतपणाच्या वॉर्डात खाट रिकामी नसते, सर्पदंश, भाजलेले, ॲक्सिडेंट, डेंग्यू, सगळं तिथेच येतं. तिथली दुसऱ्या वर्षाची मुलगी जेवढं बघते तेवढं चकचकीत इमारतीतली चौथ्या वर्षाची मुलगी बघत नाही, कारण इमारत असते पण पेशंट नसतात.

तेव्हा कुठलंही कॉलेज फायनल करायच्या आधी वडिलांना घेऊन त्याच्या हॉस्पिटलला एक चक्कर मार, कॉलेजच्या ऑफिसला नाही, हॉस्पिटलला. बीएस्सी कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल पाहिजे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट पाहिजेत असा नर्सिंग कौन्सिलचा मापदंड आहे. तू मोजायला बस म्हणत नाही मी, पण डोळ्यांना दिसतंच, खाटांवर माणसं आहेत का नुसत्या गाद्या आहेत. कॅन्टीनला किंवा गेटवर युनिफॉर्ममधली एखादी मुलगी दिसेल, तिला बाजूला घेऊन विचार, ताई तुम्ही स्वतः किती डिलिव्हऱ्या केल्या, वॉर्डात ट्यूटर येतात का तुम्हाला एकटं सोडतात, केसबुक खऱ्या पेशंटवर भरता का एकमेकींचं बघून. मुली खोटं बोलत नाहीत. आणि जमलं तर प्रॅक्टिकल लॅबमध्ये डोकाव, पुतळ्यावरचं प्लास्टिक अजून तसंच असेल तर निघून ये.

इंग्लिशची भीती तू लिहिली नाहीस पण मला माहितीये ती आहे. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिओलॉजी एकदम अंगावर येतात आणि मराठी मीडियमच्या मुली पहिले चार महिने गप्प बसतात. वॉर्डातला रोज एक केस पेपर वाचायचा, न कळलेले पाच शब्द वहीत लिहायचे, संध्याकाळी अर्थ शोधायचा. बाकी काही करू नकोस, वर्षभरात तुझं तुलाच कळेल.

प्रश्न : मॅडम, मी मुलगा आहे, वय १८, विदर्भातून. मला नर्सिंग करायचंय, पण घरी म्हणतात हे बायकांचं काम. मित्र हसतात. मुलांना स्कोप आहे का, आणि एएनएम करून लवकर नोकरी मिळेल का?

उत्तर : एएनएम मुलांना नाही, ते फक्त मुलींसाठी आहे, तेव्हा तो विषय सोड. जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही तुला खुले आहेत. सायन्स असेल तर बीएस्सीच बघ.

आमच्या वॉर्डात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, असले की आम्हाला केवढा आधार वाटायचा हे तुझ्या मित्रांना माहीत नाही. कॅज्युअल्टी, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस इथे ब्रदर भरपूर दिसतील. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे तर पुरुष परिचारकांशिवाय भागतच नाही. पुरुष पेशंटला कॅथेटर घालायचा असतो, अंग पुसायचं असतं, गावाकडचा म्हातारा माणूस सिस्टरसमोर लाजतो आणि दुखतंय ते सांगत नाही, ब्रदरला सांगतो. हे बायकांचं काम नाही आणि पुरुषांचं पण नाही, पेशंटचं काम आहे.

पण खरं तेच सांगते, जागा कमी आहेत. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना, म्हणजे तुला मुलींपेक्षा जास्त मार्क आणावे लागतील. तरी त्या परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षापासूनच चालू ठेव, मूळ पगार ४४,९०० पासून आहे आणि नागपूरचं एम्स त्याच भरतीत येतं, घराजवळ. लेबर रूमची पोस्टिंग तुलाही असणार, तिथे लाजू नकोस आणि आगाऊपणा पण करू नकोस, सिस्टर सांगतील तसं कर, आत जाण्याआधी त्या बाईला विचार. एवढं केलंस तर कुणी तुला बाहेर काढणार नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीने दहावीनंतर आमच्या तालुक्यात एका इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा केला, ३५ हजार फी भरली. सर्टिफिकेटवर मोठा शिक्का, होलोग्राम सगळं आहे. आता सरकारी भरतीचा फॉर्म भरायला गेलो तर रजिस्ट्रेशन नंबर मागतात. इन्स्टिट्यूटवाले म्हणतात येईल येईल. कधी येईल?

उत्तर : दादा, येणार नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण खोटी आशा दाखवून आणखी दोन वर्षं घालवणं त्याहून वाईट.

नर्स म्हणून नोंदणी होते ती एएनएम, जीएनएम, बीएस्सी अशा मान्यताप्राप्त कोर्सची, आणि यातल्या एकालाही दहावीवर प्रवेश नाही, बारावी लागतेच. एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची आरोग्य विद्यापीठ. यांच्यापैकी कुणाचंच नाव मार्कशीटवर नसेल तर होलोग्राम कितीही चमकू दे, कौन्सिल त्याची नोंद घेत नाही. बेडसाइड असिस्टंट, पेशंट केअर, जनरल ड्युटी असिस्टंट असे कोर्स असतात, ते वाईट नाहीत, त्यातून मदतनीस म्हणून काम मिळतं, पण ते मदतनीस म्हणूनच विकायला पाहिजेत, नर्सिंग म्हणून नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये अशा मुलींना पांढरा ड्रेस घालून सिस्टर म्हणतात, सात-आठ हजारांवर राबवतात, इंजेक्शनं द्यायला लावतात, आणि काही चुकलं की तीच मुलगी पुढे केली जाते कारण तिच्यामागे कौन्सिलचा कागदच नसतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. ती पोरगी १९ वर्षांची होती.

बहिणीचं वय काय ते लिहिलं नाही तुम्ही. दहावी नुकतीच झाली असेल तर बारावी करू द्या, कुठल्याही शाखेतून, नापास न होता आणि इंग्लिश घेऊन. मग एएनएम किंवा जीएनएम. केलेलं वर्ष फुकट गेलं असं समजू नका, वॉर्डाची भीती गेली असेल तिची, बीपी घ्यायला येत असेल, ते कामाला येईल. फीच्या पावत्या आणि माहितीपत्रक जपून ठेवा, त्यावर 'नर्सिंग' आणि 'सरकारी नोकरी' असं छापलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ती करा. तुमच्यामुळे पुढची मुलगी वाचेल.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका, वय ३३, बारावी आर्ट्स २०१० ला झाली, ४७ टक्के. दोन मुलं, धाकटा सात वर्षांचा. उपकेंद्रातल्या सिस्टरांबरोबर फिरून फिरून मला पण वाटतं की आपण शिकावं. हसू नका. आता होईल का?

उत्तर : हसू कसलं ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. होईल, पण वेळ कमी आहे. जीएनएमला वयाची मर्यादा ३५ आहे, तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, तेव्हा पुढच्या वर्षी बघू असं म्हणू नका. आर्ट्स चालतं, ४७ टक्के चालतात, फक्त बारावीच्या मार्कशीटवर इंग्लिश विषय आहे ना ते बघा.

एएनएम का जीएनएम, तर तुमच्या बाबतीत मी वेगळं सांगेन. घरापासून रोज जाऊन येता येईल अशा अंतरावर जे मिळेल ते. जिल्ह्याच्या ठिकाणी जीएनएम मिळत असेल आणि सासूबाई किंवा आई तीन वर्षं मुलांकडे बघणार असतील तर जीएनएम करा. नसेल जमत तर एएनएम दोन वर्षांची, आणि तुमचं अर्धं काम तर तुम्ही आत्ताच करताय, गरोदर बाईची नोंद, लसीकरणाचा दिवस, कुपोषित मूल शोधणं. एएनएम होऊन नोंदणी झाली की पुढे जीएनएमला जाता येतं, तो दरवाजा बंद होत नाही. ॲडमिशनच्या आधी हॉस्टेलला राहायची सक्ती आहे का हे लेखी विचारा, नंतर कळलं की फार ओढाताण होते. आणि आशाचं मानधन बंद होणार, तेव्हा घरात तो हिशोब आधीच मांडा, नवऱ्याला सोबत बसवून.

प्रश्न : मी ठाण्यात एका खाजगी हॉस्पिटलला आयसीयूत आहे, जीएनएम, सहा वर्षं झाली. आता दोन विचार आहेत, पोस्ट बेसिक बीएस्सी करू का जर्मन शिकून जर्मनीला जाऊ? मैत्रिणी म्हणतात जीएनएम बंद होणार आहे, मग आमचं काय? आणि हॉस्पिटलने माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतलीत, दोन वर्षांचा बाँड होता तो संपला तरी देत नाहीत.

उत्तर : शेवटचं आधी घेते कारण ते नसेल तर बाकी काहीच होत नाही. ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घ्यायचा हक्क कुठल्याही हॉस्पिटलला नाही आणि बाँडची पद्धत चालणार नाही असं इंडियन नर्सिंग कौन्सिलने खूप आधीच परिपत्रक काढून सांगितलंय. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, एक कॉपी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला पाठवा. नुसतं तोंडी मागत बसलात तर वर्ष जाईल. माझं स्वतःचं असंच झालं होतं. मी पास झाले आणि एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला लागले, त्यांनी कागद कपाटात ठेवले आणि मी लाजेखातर मागितले नाहीत, तेवढ्यात सरकारी मुलाखत आली, ओरिजिनल दाखवायला नव्हते, बाहेर बाकावर बसून परत आले. पुढची भरती यायला चार वर्षं गेली. म्हणून सांगते, याच आठवड्यात अर्ज द्या.

जीएनएम बंद होणार ही चर्चा काही वर्षांपूर्वी खरंच सुरू झाली होती, कौन्सिलने तसं जाहीरही केलं होतं, पण कोर्स अजून चालू आहे. आणि उद्या बंद झाला तरी ज्यांची नोंदणी आहे त्यांची नोंदणी जात नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, त्यासाठीचे शिक्षणाचे तास भरायचे, एवढं सांभाळा. आयसीयूच्या गडबडीत मुली हेच विसरतात आणि परदेशाचे कागद करताना लक्षात येतं.

आता पोस्ट बेसिक का जर्मनी. यात मी तुम्हाला उलट विचारते, तुम्हाला पेशंटजवळ राहायचंय का शिकवायचंय, का गावाकडे परत जायचंय? पोस्ट बेसिक दोन वर्षांचं, रेग्युलर, म्हणजे दोन वर्षं पगार नाही किंवा नाईटच्या जोरावर कसंतरी. ते केलंत तर एमएस्सी, ट्यूटरशिप, मोठ्या संस्थांतल्या भरत्या खुल्या होतात. गावाकडे जायचं मनात असेल तर आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्या सरकारी आरोग्य केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, बीएस्सीला थेट आणि जीएनएमला सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून, तिथे २५ हजार ठरलेले आणि कामावर १५ हजारांपर्यंत, पण कंत्राटी आहे हे लक्षात ठेवा.

जर्मनीला जायला मात्र पोस्ट बेसिकची गरज नाही. तुमची तीन वर्षांची जीएनएम आणि सहा वर्षांचं आयसीयू हे तिथे चालतं, तुमचा अभ्यासक्रम तिथल्याशी ताडून बघतात आणि जिथे कमी पडतो तिथे हॉस्पिटलमध्येच काही महिने शिकावं लागतं किंवा परीक्षा द्यावी लागते, मग पूर्ण नर्सची मान्यता. खरी अडचण भाषा. बी-वन ही मधली पातळी इथे करूनच जायचं आणि तिच्या वरच्या बी-टू पर्यंत पोचायचं, आणि शिफ्ट सांभाळून जर्मन शिकणं म्हणजे वर्ष-दीड वर्ष रोज दोन तास. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सिंग आहे, त्याची चौकशी आधी करा. लाखो रुपये मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. जर्मनीत नर्सची भरती करताना खर्च नेणाऱ्याने करायचा ही रीत चांगल्या संस्था पाळतात, पैसे तुमच्याकडे मागितले की तिथेच ओळखा.

मला विचाराल तर सहा वर्षं आयसीयू केलेल्या बाईने आधी जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा देऊन बघावी. तीन महिन्यांचं काम आहे. भाषा आवडली तर पुढे जा, तोंडात बसलीच नाही तर पोस्ट बेसिकचा फॉर्म भरा, फार काही गेलेलं नसेल. दोन्ही एकदम करायला जाऊ नका, नाईट करून वर दोन अभ्यास, तब्येत कोलमडते. अशी एक हुशार मुलगी माझ्या हाताखाली होती, टीबी झाला तिला, वेळेत कळला म्हणून बरं.

प्रश्न : सिस्टर, माझं बीएस्सीला नाव लागलंय पण मला रक्त बघून चक्कर येते. शाळेत मैत्रिणीचा गुडघा फुटला तेव्हा मीच पडले होते. ॲडमिशन सोडू का?

उत्तर : अजिबात सोडू नकोस. माझ्या प्रत्येक बॅचला पहिल्या ड्रेसिंगला दोघी-तिघी पडायच्या, आणि त्यातलीच एक आज थिएटरची इनचार्ज आहे. पहिले काही आठवडे तुला रक्त दिसणार पण नाही, बेड मेकिंग, टेम्परेचर, पल्स, चादरीचा कोपरा ४५ अंशात दुमडणं, तेच चालतं. हळूहळू डोळ्याला सवय होते, आणि हातात काम असलं की चक्कर येत नाही, नुसतं बघत उभं राहिलं की येते, म्हणून ट्यूटरला आधीच सांगून ठेव आणि ट्रे धरायचं काम मागून घे. गुडघे ताठ करून उभी राहू नकोस, डोकं हलकं वाटलं की लाज न धरता खाली बस, पेशंटवर पडण्यापेक्षा ते बरं. आणि मुली सकाळच्या ड्युटीला उपाशी जातात, निम्म्या चकरा त्याने येतात. नाश्ता करून जा, नाहीच जमलं तर दोन बिस्किटं तरी तोंडात टाकून जा.